इकडची काडी तिकडे

"आम्ही आमच्या आयेला सुखात ठेवलीय. इकडची काडी तिकडे करू देत नाय." हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा बोललं गेलं, तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं गेलं नसेल. माझा नवरा बोलायचा, माझी नणंद बोलायची, शेजारच्या बायका कौतुकानं माना हलवायच्या आणि मी आत दातओठ खात भाकऱ्या थापायचे. कारण ज्या बाईला ही मंडळी काडी उचलू देत नव्हती, तिला आता स्वतःचं अंग उचलेना झालं होतं. पण हे बोलायचं कोणी? सून बोलली की सून वाईट. तेव्हा वाईट तर वाईट, पण आज सगळं सांगून टाकते.

ही गोष्ट दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. आम्ही काल्हेरला राहतो. माझं माहेर निजामपुऱ्यातलं, दिवसरात्र कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, 'चहा घे' हेसुद्धा आम्ही ओरडूनच सांगतो. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मी सासूला अहो-जाहो करायचे. ती म्हणाली, "मना तुमी-बिमी नको बोलू गो, मी काय मामलेदार हाय?" तेव्हापासून आमचं अगं-तुगं. भांडायलाही ते सोयीचं पडलं.

मी आले तेव्हा इथं शेती होती. सासू डोक्यावर भाताचे भारे वाहायची, विहिरीवरून एकावर एक हंडे आणायची, मुसळानं कांडण करायची, आणि हे सगळं करून रात्री हसायलाही तिच्याकडे जोर उरायचा. मग खाचरांवर गोडाऊन उभी राहिली. भाडं येऊ लागलं. टाइल्सचं घर झालं, पाण्याला मोटर आली, धुण्याला मशीन आलं, भांड्याला बाई आली. सासूसाठी ओट्यावर प्लास्टिकची हातवाली खुर्ची आली. तिनं आयुष्यभर जे जे उचललं होतं ते एकेक करून तिच्या हातातून गेलं, आणि ताटातलं मात्र काहीच गेलं नाही. भाकरी तेवढीच, भात तेवढाच, हळदीचं मटण तेवढंच, वर चहात साखर जास्त. ती फुगत गेली. आधी गुडघे धरले, मग बीपी निघालं, मग साखर निघाली. घरचे म्हणायचे, अंग धरलंय, सुखाचं लक्षण आहे. कपाळ सुखाचं!

आता मुख्य गोष्ट. माझी सासू धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा. मांडवात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला तिनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणायचं, आणि ते तांदळाच्या पिठानं काढलेल्या चौकाशेजारी जमिनीवर बसून म्हणायचं. पुस्तकात लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. काल्हेरपासून खाडीपलीकडच्या गावांपर्यंत लोक तिला न्यायला रिक्षा पाठवायचे. ती बसली की मांडव गप्प व्हायचा. नवऱ्यामागं तीस वर्षं काढलेली बाई, पण तिला कधी कोणी 'बिचारी' म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या गाण्यामुळे ती कोणीतरी होती.

आणि मग ती हळद झाली. गावातलंच घर, ओळखीतलेच लोक. संध्याकाळपासून सासू खाली बसलेली. हळद लागली, गाणं संपलं, बायका उठल्या, ही उठेना. एक हात टेकला, अंग जरा वर आलं, परत धप्पकन खाली. दुसऱ्यांदा तेच. मी पोचायच्या आतच चार बाप्ये धावले, काखेत हात घातले आणि तिला उचलली. पदर एकीकडे, पाय एकीकडे. व्हिडिओवाल्यानं नेमका तिच्यावर लाइट मारला. एक पोरगी फिसकन हसली, तिला बघून आणखी चारजणी हसल्या. सासूनं पदर सावरला. घरी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता नाय जायची मी."

काही दिवसांनी त्या लग्नाची सीडी आली. यजमानांनी कौतुकानं पाठवलेली, आणि आमच्या ह्यांनी कौतुकानं लावलेली. त्यात तो प्रसंग जसाच्या तसा होता, वर कुठलंसं धांगडधिंग्याचं फिल्मी गाणं चिकटवलेलं. सासूनं पाहिलं. मी टीव्ही बंद केला आणि नवऱ्याला जे बोलायचं ते बोलले. तो म्हणाला, "मना काय माहीत त्यात ते असंल?" त्याचंही खरं होतं, पण त्या वेळी मला खरं-खोटं काही सुचत नव्हतं. त्यानंतर रिक्षा आल्या की ती सांगायची, तब्येत बरी नाही. हळूहळू रिक्षा यायच्या बंद झाल्या. घरात ती गुणगुणतही नसे. दिवसभर खुर्चीत बसून रस्त्यावरचे ट्रक बघायची.

आमच्या घरचे उपाय सुरू झाले. पहिला उपाय म्हणजे चालणं. ज्याला विचारावं तो डॉक्टर, आणि प्रत्येकाचं औषध एकच: चाला. बरं, चाला. पण काल्हेरच्या रस्त्यावर चालायचं कुठं? कंटेनर अंगावर येतात, धूळ नाकातोंडात जाते. म्हणून सासूनं आतल्या आळीतून चालायचं ठरवलं. रोज संध्याकाळी जायची, दीड तासानं यायची. मी खूश. एकदा मागोमाग गेले तर काय बघते, बाई एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर! धवलारीण आपल्या दारावरून कोरडी जाते म्हणजे काय? घरटी चहा, चहाबरोबर खारी, कुठं पूजेचा शिरा. मी म्हटलं, "आई, हे चालणं आहे का चरणं?" तर मलाच म्हणाली, "कोनाला नाय कशी बोलू गो? वाईट वाटतं लोकांना." लोकांना वाईट वाटतं! त्या महिन्यात साखर आणखी चढली.

दुसरा उपाय नवऱ्यानं आणला. टीव्हीवर जाहिरात बघून एक पट्टा मागवला. तो पोटाला बांधायचा, बटण दाबायचं, पट्टा थरथरतो आणि चरबी आपोआप वितळते. सासूला खुर्चीत बसवून पट्टा बांधला. ती थरथरली, खुर्ची थरथरली, दात वाजायला लागले. हा बाजूला उभा राहून विचारतोय, "बरं वाटतंय का आये?" ती म्हणते, "मिक्सरात घातल्यावानी वाटतंय." माझा हसून जीव गेला, आणि नंतर संतापानं गेला. अरे, बसल्या जागी थरथरून जोर आला असता, तर पिठाच्या गिरणीवाल्याचे दंड पहिलवानासारखे झाले असते. पट्टा माळ्यावर गेला. कारल्याचा रस झाला, मेथीचं पाणी झालं, कुणीतरी दिलेलं लोहचुंबकाचं कडं झालं. सगळं झालं, फक्त बाईला हलवायचं कोणाच्या मनात आलं नाही.

शेवटी मी तिला, नवऱ्यालाही बरोबर घेऊन, निजामपुऱ्यात, माझ्या माहेरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुसलमान बाई, वयानं माझ्याएवढीच, दवाखान्याच्या भिंतीपलीकडे लूम चालू, त्यामुळे तिचाही आवाज माझ्यासारखाच. तिनं रिपोर्ट पाहिले, गुडघे दाबून पाहिले, मग सासूला म्हणाली, "अम्मा, खुर्चीवरून हात न लावता उठून दाखवा." सासू उठेना. डॉक्टरीण माझ्या नवऱ्याकडे वळली. "घर में क्या काम करती हैं?" तो छाती फुगवून म्हणाला, "कुछ नहीं. इकडची काडी तिकडे नहीं करने देते."

मग जी तडकली ती! हिंदीत सुरुवात केली, मराठीत शेवट केला. म्हणाली, "गुडघ्याला धरून ठेवतं कोण? मांडीचं मांस. ते तुम्ही बसवून बसवून संपवलंत, आता सगळं वजन हाडावर येतंय. खाल्लेली साखर जाते कुठं? ती या मांसात जाते, मांस काम करेल तर साखर ओढून घेईल. तुम्ही मांसाला सुट्टीवर पाठवलंय, मग साखर रक्तातच फिरणार ना?" नवऱ्यानं विचारलं, "मग वजन कधी उतरेल?" ती म्हणाली, "वजन उतरेल न उतरेल, आधी जोर चढवा. रोज थोडं वजन उचलायचं. खुर्चीवरून उठायचं-बसायचं, भिंतीला हात लावून रेटायचं, दोन्ही हातांत डबे धरून चालायचं. हळूहळू वाढवायचं, श्वास रोखायचा नाही, छातीत दुखलं किंवा गरगरलं तर थांबायचं. चालणं चांगलंच आहे, पण फक्त चालून खालून उठता येणार नाही."

'खालून उठता' हे शब्द ऐकले आणि सासूनं प्रथमच मान वर केली. घरी येताना रिक्षात मात्र म्हणाली, "या वयात कसरत करू? लोक हसतील." मी म्हटलं, "हसले ना एकदा? आता आणखी काय हसणार आहेत?" बोलले आणि जीभ चावली. पण ती रागावली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तेलाचे दोन रिकामे कॅन घेतले, थोडं थोडं पाणी भरलं आणि तिच्या हातात दिले. दारापासून फाटकापर्यंत जायचं आणि यायचं. ती निघाली. अर्ध्यात पोचते न पोचते तोच समोरची बाई रस्ता ओलांडून धावत आली, "अगो आये, ठेव ठेव! सून कुठं मेली?" आणि कॅन हिसकावून घेतले. मी इथंच उभी होते, मेले नव्हते. मी सांगितलं, डॉक्टरनं सांगितलंय. ती म्हणाली, "डॉक्टर काय, काय पन सांगतील." दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं कॅन घेतले. तिसऱ्या दिवशी खुद्द माझ्या नवऱ्यानं, गाडी रस्त्यात तशीच सोडून, येऊन घेतले. मी विचारलं, "तू होतास ना दवाखान्यात?" म्हणतो, "होतो गं. पण हात आपोआप पुढं जातो. आये वझं उचलतेय आणि आपन बघत ऱ्हायचं?" आता या माणसाला काय म्हणावं? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातात काही दिसलं की हात आपोआप पुढं जातो. त्याला आम्ही संस्कार म्हणतो. त्या संस्कारानंच माझ्या सासूला खुर्चीत बसवली होती.

बातमी नणंदेपर्यंत जायला वेळ लागला नाही. नणंद दिलेली पलीकडच्याच गावात. माझ्यापेक्षा मोठी, गळ्यात सोनं भरपूर, आईवर जीव. आली ती चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली. "माझ्या आयेकडून हमाली करून घेतंस? गोडाऊनवर पाठव ना मग! बिल्ला लाव तिला!" मी समजावलं, मांस सांगितलं, साखर सांगितली. ती म्हणाली, "जन्मभर वझं वाहिलं तिनं. आता तरी तिला बसू दे." आणि रडायलाच लागली. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा फार मोठा अन्याय आहे. शेवटी तिनं आईला दिवाळीसाठी आपल्याकडे नेलं. दिवाळीची म्हणून गेलेली सासू महिना उलटून गेल्यावर परत आली. करंज्या-अनारशांनी गाल भरलेले, आणि रिक्षातून उतरायला मला आणि नवऱ्याला दोन बाजूंनी धरावं लागलं. मी कॅन भरले होते ते झाडांना ओतले. म्हटलं, जाऊ दे, मरो. मलाच मेलीला काय हौस पडलीय?

पण त्याच आठवड्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद पेढे घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "धवलारीण आपन खाडीपलीकडची सांगू. आयेला कनाला तरास? आये सोफ्यावर बसंल, निस्ती बघंल." तिला वाटलं ती मायेचं बोलतेय. माझा नवरापण म्हणाला, बरोबर आहे. मी सासूकडे पाहिलं. हातातला पेढा हातातच. स्वतःच्या नातीच्या लग्नात दुसरी बाई चौकाशेजारी बसणार, आणि ही सोफ्यावर. तिनं पेढा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "लग्नाला येल हाय अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, तर फाटकापाशी आरडाओरडा. समोरची बाई कॅन ओढतेय आणि सासू सोडत नाहीये! "सोड," सासू म्हणाली. "नायतर तुझ्या पोराच्या लग्नात तुझ्या नावाचा असा धवला लावीन का जन्मभर आठवशील." बाईनं कॅन सोडले. मी खिडकीतून बघत राहिले. चहा उतू गेला.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मी ओरडायचे, ती ओरडायची. खुर्चीवरून उठणं-बसणं तिला मोजून जमेना. "मना आकडे नको सांगू, माझा जीव घाबरतो." धवला लग्नाशिवाय म्हणायचा नाही हा तिचा नेम, म्हणून तिनं भातलावणीची गाणी काढली. एका ओळीला बसायचं, एका ओळीला उठायचं. सुरुवातीला ओळ अर्ध्यात तुटायची, धाप लागायची. पण तो आवाज घरात परत आला. मी भाजी चिरताना हात थांबवून ऐकायचे आणि तिला कळू नये म्हणून वरून ओरडायचे, "पाठ सरळ!" खुर्ची जमली तेव्हा स्टूल घेतलं. स्टूल जमलं तेव्हा गोडाऊनच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा आणल्या, त्यावर पाट ठेवला. त्यावरून उठणं जमलं की एक थर कमी करायचा. एकेका थराला आठवडेच्या आठवडे जायचे. कधी गुडघा सुजायचा, कधी ती रुसायची, "नाय करायची जा" म्हणून खुर्चीत बसून राहायची. मीही रुसायचे. दोन दिवस अबोला, मग पुन्हा सुरू. कॅनमधलं पाणीही वाढत गेलं. चहा तिनं बिनसाखरेचा केला, तो मात्र रोज शिव्या घालून प्यायची.

नवऱ्यानं वजनाचा काटा आणला होता. दर रविवारी आईला त्यावर उभं करायचा आणि नाक मुरडायचा. "एवढे महिने झाले, आणि उतरलं किती? दोन-तीन किलो! काय उपयोग?" मी म्हटलं, "तू भाजी घेतोयस का? तिला विचार, जिना कसा चढते. तिला विचार, संडासातून उठताना मला हाक मारते का." त्याचं लक्ष त्या काट्याच्या सुईवर. सासूही खट्टू व्हायची. शेवटी मीच तो काटा रद्दीवाल्याला दिला. परत तपासायला गेलो तेव्हा साखर खाली आलेली, बीपी बरं, आणि डॉक्टरीणबाईंनी एक गोळी अर्धी केली. मग म्हणाल्या, "अम्मा, उठून दाखवा." सासू हात छातीशी धरून उठली, बसली, परत उठली. डॉक्टरीण टाळ्या वाजवायला लागली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. नवरा म्हणाला, "पण मॅडम, वजन..." डॉक्टरीणबाईंनी आणि मी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाक्य गिळलं.

सासूनं स्वतः नणंदेला फोन केला. "दुसरी धवलारीण सांगू नको. मी बसनार." नणंद घाबरली. मला फोन करून म्हणाली, "लोकांसमोर काय झाला तर तू जबाबदार." मी म्हटलं, मी. म्हटलं खरं, पण जमिनीवरून, पाट-बिट काही नसताना, संध्याकाळभर बसून मग उठणं तिला अजून प्रत्येक वेळी साधत नव्हतं. कधी उठायची, कधी भिंत धरावी लागायची. मांडवात भिंत कुठली?

हळदीच्या दिवशी मांडवात गेलो तर मधोमध लाल मखमलीचा सोफा. नणंदेनं आईसाठी मुद्दाम मागवलेला. सासूनं सोफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ चौकाजवळ गेली, पदर खोचला आणि खाली बसली. गायला लागली. मांडवातला स्पीकर कोणीतरी बंद केला. नात पाटावर बसलेली, तिचे डोळे भरून आले. मी मात्र एक अक्षर ऐकलं नाही. मी फक्त तिचे पाय बघत होते. आखडले असतील. मुंग्या आल्या असतील. मध्ये एकदा पाय पसर म्हणून मी खुणा करत होते, ती बघतच नव्हती.

हळद लागली, गाणं संपलं. तिनं एक हात जमिनीला टेकला. आणि झालं! नणंद धावली, नवरा धावला, नणंदेचे दीर धावले, व्हिडिओवाल्यानं लाइट फिरवला. सगळे हात पुढं.

"हात लावू नका कोणी!" मी ओरडले. निजामपुऱ्याचा आवाज तो, मांडवाच्या पार टोकाला गेला. सगळे जागच्या जागी थांबले. नणंदेनं माझ्याकडे असं पाहिलं, की तिथंच जाळलं असतं. म्हाताऱ्या सासूला हात लावू देत नाही, ही कसली सून? मागं बायका कुजबुजायला लागल्या. सासूनं जोर लावला. अंग वर आलं आणि परत खाली बसलं. माझे डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. कोणीतरी म्हणालं, "अरे धरा तिला, काय बघताय?" मी पुन्हा म्हटलं, नाही. आणि मध्येच उभी राहिले.

मग ती एका गुडघ्यावर आली. एक पाय पुढं रोवला. मांडीवर हात दाबला, तोंड उघडून श्वास सोडला आणि उठली. उभी राहिली, जरा डुलली, स्थिर झाली. पदर सारखा केला. आणि सगळ्या मांडवासमोर मला म्हणाली, "ओरडायला काय झाला गो? मी काय बहिरी हाय?" लोक हसले. या वेळी मीही हसले, रडता रडता.

नणंद माझ्याशी लग्नभर बोलली नाही. गावात अजूनही माझं नाव निघालं की तीच गोष्ट निघते, ही ती, जिनं भर मांडवात सासूला हात लावू दिला नव्हता. नव्हता लावू दिला. पुन्हा वेळ आली तरी देणार नाही.

त्या लग्नाला थोडे दिवस झाले असतील. सकाळी मी नाक्यावर मासळी आणायला गेले होते. परत आले तर ओट्यावरची खुर्ची रिकामी. आत नाही, मागच्या दारी नाही, संडासात नाही. साखर उतरून कुठं पडली तर नसेल? मासळीची पिशवी तशीच टाकून रस्त्यावर धावले. दोन्ही बाजूंनी ट्रक. परत घरात येऊन गोडाऊनच्या ऑफिसात नवऱ्याला फोन लावला, "लवकर ये, आई दिसत नाहीये." समोरच्या बाईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "रिक्षात बसून गेली की मघाशी."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

तेवढ्यात घरातला फोन वाजला. खाडीपलीकडच्या गावातून कोणी बाई बोलत होती. "तुमची सासू आमच्याकडं हलदीला आलीय, काळजी करू नका. सांगायला विसरली म्हणते." विसरली! मला सांगितलं तर मी बरोबर येईन, आणि आले की ओरडेन, हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, फोन द्या तिला. बाई म्हणाली, "आता कशी देऊ? खाली बसलीय ना, धवला चालू हाय." आणि खरंच, तिच्या पाठीमागून तो आवाज ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही. तसाच कानाला धरून उभी राहिले, आणि मनात येतील त्या शिव्या तिला घालत राहिले. डोळे काही थांबेनात.

नवरा धापा टाकत आला. "सापडली का? कुठं हाय?"

"पळून गेली तुझी आई," मी म्हटलं. "हळदीला. धवले म्हणायला."

तो दारातच बसला. घाम पुसला. मग म्हणाला, "पन तिथं तिला उठवायला कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.